जाड, पातळ, जाड

स्पीकरच्या तारेने आवाज बदलतो की नाही, हा प्रश्न जगात इतरत्र सुटला असेल-नसेल, डोंबिवलीत तो सुटलेला आहे. रीतसर सभा भरवून, अध्यक्ष नेमून आणि हात वर करून तो सोडवण्यात आला. ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह वहीत लिहिला गेला आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजून रद्द झालेला नाही. त्या सभेत पडद्यामागे मी उभा होतो. पडद्यापुढे, पहिल्याच सतरंजीवर, डोळे मिटून माझा भागीदार वसंता बसला होता.

वसंता गेल्या चैत्रात गेला. त्यामुळे ही हकीगत सांगायला आता हरकत नाही, असे मी स्वतःला बजावतो. खरी गोष्ट अशी की ज्याला ती सांगायची होती तो उरला नाही, म्हणून ती इथे लिहितो आहे.

आमचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान ठाण्यात, तलावपाळीपासून पाच मिनिटांवर, लाकडाची वखार आणि शिंपी यांच्या मधल्या गाळ्यात होते. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही ते काढले. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेला होतो आणि उरलेले पुस्तकांतून शिकत होतो. वसंता शाळेत फारसा रमला नव्हता. युद्धाच्या काळात तो कल्याणच्या लष्करी छावणीत वायरलेसच्या कोठारात हमालीला लागला आणि तिथल्या कारागिरांचे बघून बघून सगळे शिकला. मी बिघाड पुस्तकातून शोधायचो. तो नारळ घेताना वाजवून बघावा तसा रेडिओच्या पेटीवर बोटाचे पेर वाजवायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "पंडित, तू पुस्तकात बघ काय लिहिलंय. तोवर मी व्हॉल्व्ह बदलतो."

बहुतेक वेळा व्हॉल्व्हच, म्हणजे रेडिओतला काचेचा दिवाच, गेलेला असे. ते पान मला नंतर सापडे.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. रेडिओ काय किंवा ग्रामोफोन काय, सगळी खटपट करून शेवटी जे निर्माण होते ते दोन तारांतून स्पीकरकडे जाते. तिथे तारेचे एक छोटे वेटोळे असते, ते थरथरते, त्याला चिकटलेला कागदाचा द्रोण थरथरतो आणि तो थरथराट आपल्याला गाणे म्हणून ऐकू येतो. स्पीकर पेटीतच असला तर तार वीतभर लागते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पण त्या काळी रेडिओ घरात एकच असे आणि ऐकणारे सगळीकडे. मग लोक म्हणत, एक स्पीकर माडीवर द्या, एक पडवीत द्या. तार लांबली की तिच्याकडे बघावे लागते. विहिरीचे पाणी बारीक नळीने लांबच्या झाडापर्यंत नेले तर धार मंदावते, तसेच हे. नळी हातभरच असेल तर ती बारीक असली काय आणि जाड असली काय, झाडाला कळत नाही. तारेचे शास्त्र मला विचाराल तर एवढेच आहे. बाकी सगळा माणसांचा भाग.

माणसांचा भाग मोठा असतो. नौपाड्यात एका काकूंनी देवघरात स्पीकर मागितला, सकाळची भक्तिगीते देवाच्या कानावर पडावीत म्हणून. सरळ रस्ता न्हाणीघरावरून होता. आम्ही खिळे ठोकायला लागलो तशा त्या धावत आल्या.

"अहो, देवाचं गाणं न्हाणीवरून नेताय? बाजूने न्या."

बाजूने म्हणजे परसदार, तुळशीवृंदावन आणि मागची भिंत फिरून. वसंता अदबीने म्हणाला, "काकू, इतक्या लांबून नेली तर आवाज जरा बारीक येईल."

"येऊ दे. सोवळ्यात बारीकच बोलावं."

आम्ही तार फिरवून नेली. आवाज बारीक आला. काकू प्रसन्न झाल्या. पाहा, तारेने आवाज बदलतो हे इथेही सिद्ध झाले होते. पण ठराव झाला नाही.

वादाला खरे तोंड फुटले ते कोपरला. तिथे धर्मा पाटील आणि बाळाराम पाटील या दोन सख्ख्या भावांची वाटणी झाली होती. जमीन, मिठागराचा वाटा, म्हशी, होडी, सगळे निम्मे निम्मे झाले. बापाने हौसेने घेतलेला रेडिओ मात्र एकच होता. गावात वीज नव्हती. तो मोटारीच्या बॅटरीवर चाले आणि बॅटरी भरायला आमच्याकडे येई. पंचांनी निकाल दिला की रेडिओ थोरल्याकडे राहावा, आणि अंगणापलीकडे धाकट्याच्या घरात स्पीकर लावून आवाजाचा वाटा द्यावा. धर्माने घंटीची असते तशी बारीक तार आणली आणि खांबाखांबावरून स्वतःच ओढली. आठ दिवसांत बाळाराम आमच्या दुकानात उभा राहिला.

"मास्तर, दादा मना आवाज आर्धाच देतं."

"अर्धा म्हणजे?"

"म्हंजे त्याचे घरात बाई खणखणीत गातं, माझे घरात तीच बाई आजारी. बापाचा रेडिओ हाय. वाटा सारखा पायजे का नको?"

मागून धर्मा आलाच. "मी कुठं आवाज दाबून ठेवलाय? इचारा त्याला. काय घमेल्यात भरून ठेवू काय आवाज?"

आम्ही कोपरला गेलो. बॅटरीवरचा रेडिओ, आधीच अशक्त. त्यात ती केसासारखी तार अंगण ओलांडून, गोठ्याला वळसा घालून गेलेली. निम्मी ताकद वाटेतच संपत होती. वसंताकडे छावणीच्या मोडीत घेतलेल्या लष्करी तारेचे एक भेंडोळे होते, करंगळीएवढी जाड, काळ्या रबराची. ती त्याने ओढली. बाळारामच्या घरात बाई खणखणीत गायला लागली. बाळाराम दारात येऊन ओरडला, "दादा, आता बराबर!" आणि सहा महिने एकमेकांशी न बोललेले ते दोघे भाऊ ओटीवर एका घोंगडीवर बसून चहा प्यायले.

परतताना वसंता हवेत होता. "बघितलंस पंडित? तारेला गळा असतो."

"गळा नाही. लांबी आणि जाडी असते."

"मी ऐकलं ना. नुसता मोठा नाही, आवाज गोडही झाला."

"भांडण मिटलं म्हणून गोड झाला."

हा संवाद पुढे कित्येक महिने, निरनिराळ्या शब्दांत, रोज चालला. त्यातून हा वाद डोंबिवलीला पोहोचला.

डोंबिवलीत अण्णा लिमये नावाचे निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी दहा-बारा मंडळी जमत आणि वर्गणीतून घेतलेल्या तबकड्या ऐकत. मंडळाला नाव होते, घटना होती आणि इतिवृत्ताची वही होती. ग्रामोफोनची सुई रेडिओला जोडून सागवानी पेटीतल्या मोठ्या स्पीकरवर आवाज काढायची सोय वसंतानेच करून दिली होती. रेडिओपासून स्पीकरपर्यंत अंतर जेमतेम दहा फूट. तिथे त्याने एका रविवारी जाड लष्करी तार लावली आणि अण्णांनी डोळे मिटून सांगितले की मध्यमाला गोलाई आली. मी म्हणालो की दहा फुटांत काहीही येणार नाही. मंडळाचे दोन तट पडले. म्हणजे एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला मी.

अण्णा वादाला भीत नसत, पण वाद वहीत नोंदवण्याजोगा असावा असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांनी परीक्षा ठरवली. लिमयेकाकूंची चादर दोरीवर टाकून पडदा करायचा. मागे एका माणसाने कधी जाड, कधी पातळ तार जोडायची. तबकडीचा तोच तुकडा तीनदा वाजवायचा. तिन्ही वेळचा क्रम आधीच चिठ्ठीवर लिहून, पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून अध्यक्षांकडे द्यायचा.

"पडद्यामागे विरुद्ध पक्षाचे हे गृहस्थच असावेत," अण्णा माझ्याकडे हात करून म्हणाले. "हे खोटं वागायचे नाहीत, अशी दुसऱ्या पक्षाची खात्री आहे ना?"

"त्याला ते जमतच नाही," वसंता म्हणाला. मंडळी हसली.

मग तो उभा राहिला आणि कुणी न विचारता म्हणाला, "तीनपैकी तीन ओळखल्या नाहीत, तर उद्यापासून दुकानात ऐकायचं काम माझं नाही. पंडित ऐकेल. मी नुसता तारांना कथलाचे डाग देत बसेन."

याचा अर्थ तिथे फक्त मला कळला. माझ्याकडे निदान इंटरचा कागद होता. त्याच्याकडे कान होता, दुसरे काही नव्हते. ठाणे-कल्याणची गिऱ्हाइके 'तो कानवाला' म्हणून त्याला शोधत येत. भर सभेत कान खोटा ठरला तर तो शब्दाप्रमाणे वागला असता, आणि मग त्याला छावणीतल्या हमालाहून वेगळे कुणी समजले नसते. तो स्वतः तर नाहीच.

हे मला कळत असूनही मी चिठ्ठीवर लिहिले: पातळ, पातळ, पातळ.

तार बदलायचीच नाही, तारा जोडायच्या चिमट्यांचा नुसता खडखडाट करायचा, असे मी घरूनच ठरवून आलो होतो. फरक नसताना लोकांना फरक ऐकू येतो हे दाखवून देणे हा शास्त्रीय प्रयोगच आहे, अशी माझी भाषा होती. वसंताला हरवायचे होते, ही साधी मराठी.

पहिला तुकडा वाजला. "वा! हीच जाड," कुणीतरी म्हणाले. "तंबोरा बघा कसा भरलाय." सात हात वर झाले. मी पडद्यामागे हसलो. मी चिमटे वाजवले, पुन्हा तोच तुकडा लागला. "ही पातळ. आवाजाला सर्दी झालीय." आठ हात. तिसऱ्यांदा तंबोरा पुन्हा भरला.

फक्त जोशीकाका म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, ते म्हणाले, "मला बुवा तिन्ही सारखंच वाटलं."

"काका, पुढच्या रविवारी कानात तेल घालून या," कुणीतरी म्हणाले. इतिवृत्तात काकांची नोंद 'तटस्थ' अशी झाली.

प्रत्येक फेरीत वसंता शेवटी बोलत होता. पहिल्या वेळी तो इतका वेळ गप्प राहिला की मी चादरीच्या फटीतून पाहिले. व्हॉल्व्हचा दोष दोन श्वासांत सांगणारा माणूस. त्याला इतका वेळ लागत नसे. मग तो म्हणाला, "जाड." दुसऱ्या वेळी, "पातळ." तिसऱ्या वेळी, जवळजवळ पुटपुटत, "जाड."

मी जिंकलो होतो.

अण्णांनी पाकीट फोडले आणि चिठ्ठी न उलगडता माझ्यापुढे धरली. "निकाल तुम्हीच वाचा. अध्यक्षाने वाचला तर अध्यक्षाने मत दिल्यासारखं होतं." सभेच्या कामकाजाचे असले बारकावे अण्णांना फार प्रिय होते. त्यांना चिठ्ठी स्वतः वाचायचा मोह झाला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी पडद्यापुढे आलो. बारा माणसे माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. वसंता कागदाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. साहजिकच आहे, मला वाटले; उद्यापासून काय करायचे या विचारात असणार. मी चिठ्ठी उलगडली. माझ्याच अक्षरात तीनदा 'पातळ' लिहिलेले होते.

"जाड," मी वाचले. "पातळ. जाड."

टाळ्या पडल्या. चिठ्ठी मी खिशात घातली. ती दाखवा असे कुणी म्हणाले नाही. खोटे जमत नसलेल्या माणसाचा कागद कोण तपासतो? 'जाड तारेने आवाजास गोडी येते' असा ठराव बहुमताने संमत झाला, आभार मानले गेले, लिमयेकाकूंनी चादर परत मागितली. वसंता पडद्यामागचे सामान आवरायला गेला. परत आला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काहीच बोलला नाही. विजयी माणसाने इतके कमी बोलणे मला शोभनीय वाटले.

ठरावाची वार्ता ठाण्यापर्यंत पसरायला आठवडा पुरला. जो तो जाड तार मागायला लागला. आणि इथे एक चमत्कार झाला. वसंता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारी, "अंतर किती फूट?"

"असेल दहा-बारा."

"मग नको. आहे तीच राहू द्या."

"अहो, पण तुम्हीच ना ती सभेत ओळखलीत?"

"त्या दिवशी ओळखली. रोज ओळखू येत नाही."

मी टेबलाशी मान खाली घालून ऐकत असे. माझे शास्त्र अखेर त्याला पटले, असा मी याचा अर्थ लावला. जिंकल्यावर माणूस उदार होतो असेही मला वाटे. तारेला गळा असतो हे वाक्य त्याच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकले नाही.

खरे सांगून टाकावे असे माझ्या मनात अनेकदा आले. एकदा कळव्याच्या पुलावरून आम्ही दोघे बांबूला टांगलेली बॅटरी खांद्यावरून नेत होतो. तो पुढे, मी मागे. त्याचे तोंड दिसत नव्हते, म्हणून मला धीर आला.

"वसंता, ती डोंबिवलीची परीक्षा झाली ना, त्या दिवशी मी—"

"बॅटरी तिरकी होतेय. अ‍ॅसिड सांडेल पायावर. खाली बघून चाल."

मी खाली बघून चाललो. पुढची पंचवीस-तीस वर्षे मी खाली बघूनच चाललो, असे म्हटले तरी चालेल. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, रेडिओ खिशात मावू लागले आणि स्पीकर वेगळा मागणारे थांबले. आम्ही गाळा शिंप्याला देऊन टाकला. वसंता डोंबिवलीला राहायला गेला होता. महिन्यातून एकदा मी जाई, तो माझा रेडिओ विचारी, मी त्याची तब्येत विचारी.

त्याचे दिवस झाल्यावर मी पुन्हा गेलो. कमलवहिनी एका पत्र्याच्या डब्यात त्याची हत्यारे भरून बसल्या होत्या. "तुम्हीच न्या भाऊजी, इथे कोण वापरणार," म्हणाल्या. डब्यात तळाशी त्या काळ्या रबराच्या तारेचा आणि घंटीच्या पातळ तारेचा एकेक दहाफुटी तुकडा होता, दोन्ही नीट गुंडाळलेले. मी ते हातात घेतले तशा त्या म्हणाल्या,

"एक विचारू? त्या सभेत तुमचा चिमटा निसटला होता ना हो?"

"कोण म्हणालं?"

"हेच. त्या दिवशी घरी आले ते हसतच. म्हणाले, तिन्ही वेळा पातळच तार वाजत होती. पंडिताचं काहीतरी चुकलं, आत घामाघूम झाला असेल बिचारा. तिन्ही एकच आहेत असं सांगितलं असतं तर चारचौघांत त्याची फजिती झाली असती. म्हणून तोंडाला आलं ते सांगितलं. जाड, पातळ, जाड."

मी हातातल्या तारा पुन्हा डब्यात ठेवल्या.

"आणि मग तुम्ही चिठ्ठी वाचलीत, तर यांनी मनाने ठोकून दिलेलंच तिच्यात निघालं. तेव्हा यांना कळलं. म्हणाले, कमल, पंडिताला खोटं बोलता येतं गं. फक्त कान लाल होतात."

"मला कधी बोलला नाही."

"तुम्ही सांगायला आलात की ते विषय बदलायचे. म्हणायचे, उभ्या जन्मात त्याचं एवढं एकच खोटं आहे, ते तरी त्याच्याकडे राहू दे."

एकच नव्हे, हे त्यांना मी सांगितले नाही. चिमटा निसटला नव्हता. त्याची फजिती करण्यासाठी मी तो जाड तारेला लावलाच नव्हता, आणि तो माझी फजिती टाळण्यासाठी आपला कान पणाला लावून बसला होता. मी म्हणालो, "हो. निसटला होता." वहिनी समाधानाने हसल्या. माझे कान त्यांनी पाहिले असतील-नसतील.

आता प्रश्न एवढाच उरतो की त्याला ते खरेच ऐकू आले का. माझ्या पुस्तकांप्रमाणे दहा फुटांत पातळ तार पातळ म्हणून ओळखू येणे शक्य नाही. शिवाय सामान आवरायला पडद्यामागे तोच गेला होता. न लावलेली जाड तार त्याने तिथे डोळ्यांनी पाहिली असेल आणि उरलेली गोष्ट घरी पोहोचेपर्यंत मनाशी जुळवली असेल. पण मग ते लांबलचक गप्प बसणे? ती काळजी, जी माझ्याकडे पाहत होती? आणि पुढे एवढ्या वर्षांत, हातातला हुकमी पत्ता एकदाही न टाकणे? पुस्तकात याचे पान मला अजून सापडलेले नाही.

त्या दोन्ही तारा आता माझ्या टेबलावर आहेत. एक जुना रेडिओ चालू स्थितीत आहे, सागवानी पेटीतला एक स्पीकर आहे, दोरीवर टाकायला चादरही आहे. मी एकदा पातळ तार जोडून ऐकले, मग जाड जोडून ऐकले. पण कोणती जोडली आहे ते मला आधीच ठाऊक होते. ही परीक्षा एकट्याला घेता येत नाही. तिला एक माणूस पडद्यामागे लागतो आणि एक पुढे.